भाकरीशेजारी कच्ची पपई : लाओसच्या बौद्ध घरांतलं तोंडी लावणं



आपल्या वस्त्यांत नहाणीच्या पाण्यावर वाढलेलं पपईचं झाड बऱ्याच घरांमागे दिसतं. फळ पिकलं की लेकरं खातात, उरलं तर शेजारी जातं. कच्च्या पपईची ओळख मात्र आपल्याकडे दोनच कामांसाठी आहे. एक, मटण लवकर शिजावं म्हणून तिचा तुकडा टाकतात. दुसरं काम बाया हळू आवाजात सांगतात : दिवस गेले आणि नको असतील तर पाडण्यासाठी. पहिल्या कामात शहाणपण आहे. दुसऱ्यात जिवाला धोका आहे. तिसरंही एक काम आहे, जे आपल्याकडे फारसं कुणी करत नाही. कच्ची पपई किसायची, थोडी ठेचायची, लिंबू पिळायचं आणि जेवणाबरोबर खायची. लाओस या बौद्ध देशात हे घरोघरचं खाणं आहे. या पाठात आम्ही तिन्ही कामांबद्दल बोलणार आहोत, पण भर तिसऱ्यावर आहे. कारण त्याचा संबंध आपल्या बायकांच्या रक्ताशी आहे.

ताटातलं लोह अंगी का लागत नाही?

सेलूच्या आसपास कापूस वेचायला, सोयाबीन काढायला जाणाऱ्या बायांना विचारा. जिना चढताना धाप लागते, उठताना डोळ्यांसमोर अंधारी येते, दुपारनंतर पाय गळून जातात. घरचे म्हणतात, 'अशक्तपणा आहे, होईल बरा.' रक्त तपासलं की कळतं की हिमोग्लोबिन कमी आहे. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या वर हवं, गरोदर बाईचं ११ च्या वर, पुरुषाचं १३ च्या वर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या दर १०० बायांपैकी ५७ जणींना रक्तक्षय आढळला. आपल्या महाराष्ट्रातही निम्म्याहून जास्त बायांची हीच गत आहे.

बाया आम्हाला विचारतात, 'आम्ही ज्वारीची भाकर खातो, डाळ खातो, पालेभाजी खातो, मग रक्त कमी कसं?' प्रश्न बरोबर आहे. उत्तराचे तीन भाग आहेत.

पहिला भाग : रक्त खर्च होतं. दर महिन्याची पाळी, लागोपाठची बाळंतपणं, पोटातले जंत, हे सगळे रक्त घेतात.

दुसरा भाग : आधी पुरुष, मग लेकरं, मग सासू, आणि शेवटी पातेल्यात जे उरेल ते बाईचं. भाजी संपलेली असते, चटणी आणि भाकर राहते. याला आपण 'घरची रीत' म्हणतो. ज्या समाजाने समतेसाठी धम्म स्वीकारला, त्याच्या स्वयंपाकघरात ही रीत टिकावी, हे बरोबर नाही.

तिसरा भाग फार जणींना माहीत नसतो : धान्यातलं, डाळीतलं आणि पाल्यातलं लोह शरीराला सहज घेता येत नाही. बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळावं, असं राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्यात सांगितलं आहे. हा आकडा एवढा मोठा ठेवावा लागतो, कारण आपल्या जेवणातल्या लोहाचा दहावा हिस्साही अंगी लागत नाही. बाकीचं शौचावाटे निघून जातं. ज्वारीत, डाळीत असलेलं फायटेट नावाचं द्रव्य लोहाला धरून ठेवतं. जेवणानंतरच्या चहातलं टॅनिनही तेच करतं.

मांसातलं लोह जास्त सहज शोषलं जातं. काळीज, वजडी, रक्ती हे आपल्या आज्यांचं खाणं होतं आणि त्यात लोह भरपूर होतं. २०१५ च्या कायद्याने महाराष्ट्रात गोवंशाच्या मांसावर बंदी आली आणि गरिबाच्या ताटातलं स्वस्त लोह कमी झालं. शेळीचं मटण रोज परवडत नाही. मग जे रोजचं आहे, म्हणजे भाकर, डाळ आणि पाला, त्यातलंच लोह जास्त कसं मिळेल, हे बघणं आपल्या हातात उरतं.

एका लिंबाची ताकद

उपाय साधा आहे. त्याच जेवणात काहीतरी आंबट आणि कच्चं हवं. लिंबू, आवळा, पेरू, टोमॅटो, हिरवी मिरची, कोथिंबीर यांत 'क' जीवनसत्त्व असतं. धान्यातलं लोह आणि हे जीवनसत्त्व पोटात एका वेळी पोचले, तर लोहाचं रूप बदलतं आणि आतडं ते जास्त प्रमाणात घेतं. इथे 'एका वेळी' हे शब्द महत्त्वाचे आहेत. दुपारी चार वाजता खाल्लेला पेरू तब्येतीला चांगलाच, पण बाराच्या भाकरीतल्या लोहाला त्याचा उपयोग नाही.

दुसरं ध्यानात ठेवायचं ते असं की 'क' जीवनसत्त्व उष्णतेने मरतं. आमटीत उकळलेला टोमॅटो चवीला असतो, पण त्यातलं बरंचसं जीवनसत्त्व गेलेलं असतं. म्हणून कच्चं हवं, ताजं कापलेलं हवं. आपल्या ताटात शिजवलेलंच जास्त असतं. कच्चं म्हणजे एखादा कांदा. ही जागा भरून काढायची आहे.

कच्च्या पपईत हे जीवनसत्त्व खूप असतं, असं आम्ही म्हणणार नाही. पिकल्या पपईत ते कच्चीपेक्षा जास्त असतं. पण लाओसच्या पद्धतीने केलेल्या या पदार्थात पपई एकटी नसते. लिंबू, टोमॅटो, हिरवी मिरची सगळे कच्चेच तिच्याबरोबर येतात. पपई या सगळ्यांना धरून ठेवते, पोट भरते, चोथा देते आणि शौचाला साफ करते. लिंबू नुसतं चोखून कुणी खात नाही. कोशिंबीर असेल तर वाटीभर सहज खाल्ली जाते आणि दोन लिंबांचा रस घरातल्या सगळ्यांच्या पोटात जातो.

हे खाणं कुठलं?

२०२३ च्या जानेवारीत थायलंडचे शंभरावर भिक्खू आपल्या परभणीहून मुंबईच्या चैत्यभूमीकडे पायी निघाले होते, हे पुष्कळांना आठवत असेल. थायलंडहून आलेल्या बुद्धमूर्ती आपल्या कितीतरी विहारांत आहेत. त्या थायलंडच्या ईशान्य भागाला ईसान म्हणतात. तिथले बहुतेक लोक लाओ बोलीच बोलतात. मेकाँग नदीच्या पलीकडे लाओस देश आहे. त्याची राजधानी व्हिएन्टियान. नदीच्या दोन्ही काठांवरचे लोक थेरवादी बौद्ध, भाषेने भाऊबंद, आणि दोन्हीकडे हा पपईचा पदार्थ लाडका. लाओसात त्याला 'तम माक हुंग' म्हणतात. 'तम' म्हणजे कुटणं, 'माक हुंग' म्हणजे पपई. थायलंडमध्ये 'सोम तम' म्हणतात, म्हणजे 'आंबट कुटलेलं'. नावातच कृती आली.

तिथले लोक तो चिकट भाताबरोबर खातात. तो भात वाफेवर शिजवतात, हाताने त्याचा लहान गोळा करतात आणि तोंडी लावण्यात बुडवून खातात. आपण भाकरीचा तुकडा मोडून कोरड्यासात बुडवतो, तसंच. लुआंग प्रबांग गावात पहाटे भिक्खूंच्या भिक्षापात्रात हाच चिकट भात वाढतात.

आणखी एक साम्य आहे. ईसानचे लोक गरिबीमुळे बँकॉकला मजुरीला गेले, रिक्षा चालवल्या, इमारती बांधल्या, घरकामं केली. त्यांच्याबरोबर त्यांचं खाणंही शहरात गेलं. त्यांच्या आंबवलेल्या मासळीच्या वासाला शहरी लोक नाकं मुरडायचे. आज तोच पदार्थ जगभरच्या मोठ्या हॉटेलांत विकला जातो. आपल्या सुकटीच्या, बोंबलाच्या वासावरून शाळेत, भाड्याच्या घरात काय ऐकावं लागतं, हे आपल्याला सांगायला नको. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ च्या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या खाण्याची नोंद केली, तेव्हा आपलं जेवणही लिहून ठेवण्याच्या मोलाचं आहे, हे पुष्कळांना कळलं. कष्टकऱ्याचं खाणं हलकं नसतं. त्याला हलकं ठरवणारे वेगळे असतात.

आणि 'हे परदेशी, आपल्याला कशाला' असं कुणी म्हणालं, तर सांगा की पपई, मिरची, टोमॅटो आणि शेंगदाणा हे चारही मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगीज आणि स्पॅनिश लोकांच्या जहाजांतून ते आशियात आले. लाओसलाही ते बाहेरचेच, आपल्यालाही बाहेरचेच. ज्याने कष्टाने पिकवलं आणि आपलंसं केलं, त्याचं ते झालं.

कृती : पाच माणसांसाठी

लाओसात यात आंबवलेल्या मासळीचं पाणी घालतात. त्याला 'पादेक' म्हणतात. ते आपण घालायचं नाही. त्या भागात नदीतली मासळी कच्ची किंवा अर्धवट आंबवलेली खाण्याने यकृतात एक चपटा कृमी शिरतो आणि पुढे पित्तनलिकेचा कर्करोग होतो. ईशान्य थायलंडमध्ये हा कर्करोग जगात सर्वांत जास्त आढळतो. तिथल्या सरकारांना मासळी शिजवून खा म्हणून लोकांना सांगत फिरावं लागतं. आपण खारटपणासाठी मीठ घेऊ. ज्या घरात चालते त्यांनी भाजलेली सुकट घ्यावी.

साहित्य :
– कच्ची पपई, साधारण अर्धा किलो
– लिंबं २ (लिंबू महाग असेल तर १ लिंबू आणि चिंचेचा छोटा गोळा)
– टोमॅटो २
– हिरव्या मिरच्या ३ किंवा ४
– लसणाच्या पाकळ्या ६
– चवळीच्या कोवळ्या शेंगा ५-६ (लाओसातही लांब चवळीच घालतात, जून शेंगा असतील तर आधी वाफवाव्या)
– भाजलेले शेंगदाणे अर्धी वाटी
– गूळ एक चमचा
– मीठ बेताने
– कोथिंबीर मूठभर
– हवी असल्यास सुकट दोन चमचे, निवडून, तव्यावर खरपूस भाजून

लाओसच्या घरांत शेंगदाणा सहसा नसतो, थायलंडच्या इतर भागांत असतो. आपण तो घालायचा, कारण त्यात प्रथिनं आहेत आणि शेंगदाण्याशिवाय आपल्याला तोंडी लावणं पूर्ण वाटत नाही. मात्र बुरशी लागलेला, काळा पडलेला, कडू दाणा निवडून फेका. त्या बुरशीचं विष यकृताला मारतं आणि भाजल्याने पूर्ण जात नाही.

१. पपई कशी ओळखावी? बाहेरून गर्द हिरवी, दाबली तरी टणक. कापल्यावर गर पांढरट आणि बिया पांढऱ्या दिसल्या पाहिजेत. गर पिवळसर झाला असेल तर ती कोशिंबीर मऊ होते. ती पिकू द्या.

२. चीक कसा काढावा? हाताला थोडं गोडेतेल चोळा. पपई आधी स्वच्छ पाण्याने धुवा. साल काढा, दोन फाका करा, बिया आणि आतला पांढरा पापुद्रा खरवडा. पुन्हा धुवा. हा चीक मांसाचे धागे तोडतो, म्हणून मटण मऊ होतं. तोच चीक हाताला, ओठाला लागला तर आग होते. डोळ्यात जाऊ देऊ नका.

३. जाड भोकांच्या किसणीवर उभी किसा, म्हणजे लांब काड्या पडतील. विळीवर बारीक लांब चिरली तरी चालते. किसलेली पपई मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा आणि हाताने दाबून पाणी काढा. यापेक्षा जास्त वेळ भिजवू नका.

४. खलबत्त्यात लसूण, मिरची आणि मीठ जाडसर कुटा. गूळ घाला. शेंगदाणे घालून दोन-चार घाव द्या. कूट करायचं नाही, दाण्याचे तुकडे राहिले पाहिजेत.

५. आता हे सगळं स्टीलच्या खोल पातेल्यात किंवा मातीच्या भांड्यात काढा. अल्युमिनियमचं भांडं नको, आंबट त्याला खातं. शेंगांचे बोटभर तुकडे, टोमॅटोच्या फोडी आणि पपई घाला. एका हातात लाटणं घ्या, दुसऱ्या हातात पळी. लाटण्याच्या टोकाने हलके ठेचा आणि पळीने खालचं वर करा. टोमॅटोचा रस सुटला, पपईच्या काड्या जराशा वाकल्या की थांबा. पपईचा लगदा झाला तर मजा गेली. ती दाताखाली कुरकुरली पाहिजे.

६. शेवटी लिंबू पिळा. कोथिंबीर आणि सुकट घाला. चव बघा. आंबट पुढे, तिखट मागे, गोड अगदी थोडं, अशी चव यायला हवी.

लेकरांसाठी मिरची घालण्याआधीच वाटीभर वेगळं काढा. पाच वर्षांखालच्या लेकराला अख्खा दाणा देऊ नका, घशात अडकतो. त्यांच्यासाठी दाणे बारीक कुटा.

केल्यापासून अर्ध्या-पाऊण तासात खाऊन टाका. संध्याकाळसाठी ठेवू नका. पाणी सुटतं, जंतू वाढतात आणि जीवनसत्त्वही उतरतं. कच्चं खायचं म्हणून पाण्याची काळजी दुप्पट घ्या. पावसाळ्यात टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर उकळून गार केलेलं किंवा आशाताईंकडून मिळणारं क्लोरीनचं औषध टाकलेलं पाणीच धुण्यासाठी वापरा. गटाराशेजारी खाली पडलेलं फळ घेऊ नका. हात साबणाने धुवा. नाहीतर रक्त वाढवायला जाऊ आणि हगवण घेऊन येऊ.

जेवायचं कसं?

ज्वारीची किंवा बाजरीची भाकर, वरण किंवा डाळ, एखादी पालेभाजी, आणि त्याच ताटात वाटीभर ही कोशिंबीर. चहा जेवणाआधी एक तास आणि नंतर एक तास नको. शेतावरून आल्यावर चहा लागतोच, हे आम्हाला ठाऊक आहे. चहा बंद करायचा नाही, त्याची वेळ सरकवायची.

आणि कोशिंबीर केली की घरातल्या बाईची वाटी आधी बाजूला काढून ठेवायची. सर्वांच्या शेवटी जेवली तरी तिचा हिस्सा राहील. सर्वांनी मिळून जेवायला बसणं तर उत्तमच.

पपई नसेल त्या दिवशी काय? हीच कृती कच्च्या कैरीवर, गाजरावर, कोबीवर, काकडीवर चालते. हिवाळ्यात आवळा किसून घाला. आवळ्यात 'क' जीवनसत्त्व लिंबापेक्षा कितीतरी जास्त असतं. विनयपिटकाच्या महावग्गात भिक्खूंना औषध म्हणून जी फळं ठेवायला बुद्धांनी परवानगी दिली, त्यांत हरडा आणि बेहड्याबरोबर आवळाही आहे.

कुणी खायची नाही

हा भाग नीट वाचा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.

गरोदर बाईने कच्ची किंवा अर्धकच्ची पपई खाऊ नये. आज्या सांगायच्या ते इथे बरोबर आहे. उंदरांवर झालेल्या प्रयोगात कच्च्या पपईच्या चिकाने गर्भाशय आकसलं. पूर्ण पिकलेल्या पपईच्या रसाने तसं झालं नाही. म्हणून पूर्ण पिकलेली, केशरी गराची पपई गरोदर बाईने बेताने खायला हरकत नाही. पाळी चुकली आहे आणि दिवस राहिले आहेत की नाही ते माहीत नाही, अशा वेळीही कच्ची टाळा. गरोदर बाईसाठी हीच कोशिंबीर काकडी, गाजर किंवा टोमॅटोची करा. लिंबू आणि शेंगदाणे तसेच राहू द्या.

आता त्या हळू आवाजातल्या कामाबद्दल. कच्ची पपई, तिचं बी, चीक, कुणी दिलेला काढा, कुणी सांगितलेली काडी, यांनी गर्भ नीट पडत नाही. कधी अर्धा पडतो, रक्त थांबत नाही, आत पू होतो आणि बाई जाते. हे करण्याची गरजच नाही. १९७१ पासून या देशात गर्भपाताचा कायदा आहे आणि २०२१ मध्ये त्यात सुधारणा झाली. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने, आणि कायद्यात सांगितलेल्या काही परिस्थितींत २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. १८ वर्षांवरच्या बाईला स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही लागत नाही. तिचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. आशाताईला विचारा, सरकारी रुग्णालयात जा. जितक्या लवकर जाल तितकं सोपं. रक्त जास्त जात असेल, ताप असेल, पोटात कळा असतील, तर १०८ ला फोन करा. कुणी काय म्हणेल याचा विचार नंतर.

रबराचे हातमोजे किंवा फुगे लागले की ज्यांच्या अंगावर पित्त उठतं, त्यांनी कच्ची पपई टाळावी. दोन्हींच्या चिकात साम्य आहे. साखरेच्या आजारात गूळ वगळा. रक्तदाब असेल तर मीठ आणि सुकट कमी. पाळीत पपई खाऊ नये, असं पुष्कळ घरांत मानतात. दिवस राहिलेले नाहीत अशी खात्री असेल तर पाळीत खायला अडचण नाही. पाळीच्या चार दिवसांत तर रक्त जातं, त्या दिवसांत बाईचं ताट कमी करणं चुकीचंच.

कोशिंबीर गोळीची जागा घेत नाही

हिमोग्लोबिन कमी आल्यावर नुसत्या खाण्यावर विसंबू नका. खाणं हे रोजचं राखण आहे, कमी झालेलं रक्त भरायला गोळी लागते. अॅनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात गरोदर बाईला लोह आणि फॉलिक अॅसिडची गोळी १८० दिवस रोज, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस मोफत मिळते. शाळेतल्या किशोरवयीन मुलामुलींना आठवड्यातून एक निळी गोळी मिळते. 'गोळीने मळमळतं, शौच काळी होते' म्हणून बाया गोळ्या पत्र्याच्या डब्यात साठवतात. शौच काळी होणं साहजिक आहे, घाबरू नका. मळमळत असेल तर जेवणानंतर, रात्री घ्या. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या. चहा किंवा दुधाबरोबर नको. कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी एकत्र नको, मधे दोन तास जाऊ द्या. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या जंतनाशक दिनाला लेकरांना गोळी चुकवू नका. पोटात जंत असतील तर लोह त्यांच्याच कामी येतं.

एक गोष्ट खास आपल्या समाजासाठी. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार विदर्भातल्या आपल्या समाजात बराच आढळतो, आणि सोयरिकी जिल्ह्याच्या हद्दी पाळत नाहीत. गोळ्या नियमित घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल, सांधे वारंवार दुखत असतील, डोळे पिवळे होत असतील, तर सिकलसेलची तपासणी करून घ्या. सिकलसेल असणाऱ्याने लोहाच्या गोळ्या डॉक्टरला विचारूनच घ्याव्यात. लग्न जुळवताना पत्रिका पाहणं आपण सोडलं. आता रक्ताची तपासणी पाहायला लागू या.

झाड लावायचं असेल तर

पिकल्या पपईच्या काळ्या बिया घ्या, राखेत चोळून वरचा बुळबुळीत पापुद्रा काढा, सावलीत वाळवा. एका खड्ड्यात शेणखत घालून तीन-चार बिया लावा. साध्या पपईत नर आणि मादी झाडं वेगळी असतात. फूल येईपर्यंत कळत नाही, म्हणून एकच बी लावू नका. लांब देठांवर फुलांचे झुपके लोंबले तर ते नर, खोडाला चिकटून एकटं मोठं फूल आलं तर ती मादी. दहा मादी झाडांमागे एक नर पुरे, तो शेजारच्या घरी असला तरी चालतो. पपईच्या मुळांना साचलेलं पाणी सोसत नाही, बुंधा कुजतो. नहाणीचं पाणी देणार असाल तर बुंध्याला मातीचा उंचवटा करा आणि पाणी बाजूने वाहू द्या. आठ-नऊ महिन्यांत कच्चं फळ हाती येतं. उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते तेव्हाही भांडी धुतलेल्या पाण्यावर एक झाड जगतं.

विहारात करून बघा

वर्षावासात 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचं वाचन विहारात होतं. एखाद्या रविवारी वाचनानंतर महिला मंडळाने ही कोशिंबीर सर्वांसमोर करावी. घरटी एक वस्तू आणावी : कुणी पपई, कुणी लिंबं, कुणी शेंगदाणे, कुणी भाकरी. आधी बायकांनी आणि मुलींनी जेवायला बसावं, पुरुषांनी वाढावं. त्याच दिवशी आशाताईंना किंवा आरोग्य सेविकेला बोलावून हिमोग्लोबिन तपासून घ्यावं, प्रत्येकीचा आकडा एका वहीत लिहावा. तीन महिन्यांनी पुन्हा तपासावं. ज्यांचा आकडा ८ च्या खाली असेल त्यांना, आणि गरोदर बाईचा ७ च्या खाली असेल तर तिला, त्याच दिवशी रुग्णालयात न्यावं.

एवढं लक्षात ठेवा :
– भाकरीबरोबर रोज काहीतरी आंबट आणि कच्चं.
– चहा जेवणापासून एक तास लांब.
– घरच्या बाईची वाटी आधी काढून ठेवा.
– गरोदरपणात कच्ची पपई नाही, पिकलेली चालते.
– नको असलेल्या गर्भासाठी पपई नाही, सरकारी रुग्णालय.
– लोहाच्या गोळ्या डब्यात नको, पोटात.

पुढच्या अंकात लेकरांच्या उलटी-जुलाबावर घरच्या घरी काय करावं, ते सांगू. तुमच्या वस्तीतल्या हिमोग्लोबिनच्या वहीत तीन महिन्यांत काय फरक पडला, ते आम्हाला जरूर कळवा.

जय भीम! नमो बुद्धाय!